पान चौदा

नाशिकच्या एका वाहिनीत विज्ञानमालिका मंजूर करण्याचं काम गेली एकोणीस वर्षं शटरचा एक लाकडी टीव्ही करत होता. पद : परीक्षक, मौलिकता. त्याआधी तो सिन्नरच्या एका कुटुंबात सव्वीस वर्षं होता, आणि त्या घरात टीव्ही बंद करायची पद्धतच नव्हती. त्यामुळे मुलाखतीत त्याच्या अनुभवाबद्दल कुणी शंका काढली नाही. दुपारी एक ते दोन जेवणाची सुट्टी म्हणून त्याचं तोंड भिंतीकडे करत, आणि खंडेनवमीला त्याला झेंडूचा हार घालत.

काम सरळ होतं. कारकून गांगुर्डे त्याच्यापुढे संहिता वाचायचे. पूर्वी पाहिलेलं काही आलं की टीव्ही ठसकायचा. न पाहिलेलं आलं तर त्याचं शटर, जे एरवी चार बोटं उघडं असे, ते आणखी सरकायचं. संहिता संपेपर्यंत ते जराही सरकलं नाही की लेखक नापास. तीनदा नापास झालेल्या लेखकाची बदली पाककृती विभागात व्हायची.

सदानंद उकिडवे एकदा नापास झाले होते. अकरा वर्षं शनिवारची रात्री आठची वेळ उकिडव्यांची होती, नाशकात भाजीवालेसुद्धा त्यांना 'यानवाले सर' म्हणून ओळखत. अशा माणसानं एकसष्टाव्या वर्षी मटकीला मोड कसे आणावेत यावर संवाद लिहायचे!

सोमवारी त्यांची नवी संहिता वाचायला घेतली. प्रेमात पडणारा यंत्रमानव आला, टीव्ही ठसकला. बापाला वाचवायला भूतकाळात गेलेला मुलगा आला, पुन्हा ठसकला. परग्रहावरची तबकडी निफाडच्या द्राक्षबागेत उतरली तेव्हा तर गांगुर्ड्यांना त्याच्या पाठीवरून हात फिरवावा लागला.

"अहो, निफाडला आजवर कोण उतरलंय?" उकिडवे म्हणाले.

"गाव बदलून चालत नाही, सर. परिपत्रक आहे," गांगुर्डे म्हणाले आणि त्यांनी शिक्का मारला. दुसऱ्यांदा नापास.

हेही उकिडव्यांनी गिळलं असतं. पण जेवणाच्या सुट्टीनंतर तृप्ती आहेरची संहिता लागली. तृप्ती म्हणजे पिंपळगावच्या शाळेतली विज्ञानाची बाई. चार वर्षांपूर्वी उकिडव्यांच्याच शिबिरात पहिल्या रांगेत बसून वही भरून टिपणं काढायची. तिच्या मालिकेत एक ग्रह होता, तिथे आवाज फार सावकाश चालायचा. आज बोललेलं पासष्ट वर्षांनी ऐकू यायचं.

टीव्ही ठसकला नाही. पान चौदावर एक म्हातारा अंगणात बसलेला असतो, आणि लहानपणी आईनं जेवायला मारलेली हाक त्याला त्या दिवशी पोचते. तो उठतो, हात धुतो आणि रिकाम्या स्वयंपाकघरात पाट मांडून बसतो. गांगुर्ड्यांनी ते नेहमीच्या सपाट आवाजात वाचलं, आणि शटर करकरत पार शेवटापर्यंत उघडलं. ते इतकं उघडतं हेच कुणाला माहीत नव्हतं.

उकिडव्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अभिनंदन हो!" असं ते तृप्तीला म्हणाले खरे, पण तिनं वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांना वाटलं, हिनं आपल्याला जिवंतपणी हार घातला.

मंजुरीवर हरकत घ्यायला तीन दिवस मिळत. उकिडव्यांनी रजा टाकली आणि तृप्तीची संहिता घरी नेली. ही कुठून उचलली ते शोधायचंच, असा पण करून त्यांनी जुन्या मासिकांचे गठ्ठे उपसले. काही सापडलं नाही. सापडणार कसं, नव्हतंच कुठे! पान चौदा त्यांनी सात वेळा वाचलं. सातव्यांदा बायकोनं स्वयंपाकघरातून "अहो, पानं घेतलीत" म्हणून हाक मारली, आणि ते ओ न देता तसेच बसून राहिले.

मग नऊ पानी हरकत लिहिली. नमुन्यातल्या अकराव्या रकान्यात 'मूळ कृतीतील गुण, असल्यास' असं छापलेलं होतं. तिथे त्यांनी काहीतरी लिहिलं, लगेच खोडलं आणि 'निरंक' असं ठळक लिहिलं.

गुरुवारी गांगुर्ड्यांनी हरकत हातात घेतली आणि ती घेऊन सरळ टीव्हीपुढे जाऊन बसले. तृप्तीही आली होती.

"हे त्याच्यापुढे कशाला?" उकिडव्यांनी विचारलं.

"लेखकाचा कुठलाही लेखी कागद संहिताच धरायचा, सर. नियम सहा. हा तुमचा तिसरा प्रयत्न."

"अहो गांगुर्डे, हा अर्ज आहे! द्या इकडे."

"आवक क्रमांक पडलाय," गांगुर्डे हळहळून म्हणाले. कार्यालयात आवक क्रमांक पडलेला कागद परत गेल्याचं उदाहरण नव्हतं. उकिडव्यांच्या डोळ्यांपुढे मटकी उभी राहिली.

वाचन सुरू झालं. "सदर लेखिका ही माझीच विद्यार्थिनी असून..." टीव्ही ठसकला. "मी बोलता बोलता सहज सांगितलेलं तिनं..." पुन्हा ठसकला. "आयत्या बिळावर नागोबा" आलं तेव्हा तो इतका ठसकला की वरचा फुलांचा रुमाल खाली पडला. नऊ पानं हेच. शटर चार बोटांवरून हललं नाही. पाककृतीत जायचं ते जायचंच, पण आपला जळफळाटसुद्धा याआधी कुणी तरी वापरून टाकलेला निघावा, हे त्यांना फार लागलं.

"रकाना अकरा. निरंक," गांगुर्डे म्हणाले आणि चष्मा पुसून कागद उजेडात धरला. "त्याआधी काही खोडलंय. खोडलेलंही वाचावं लागतं."

"वाचू नका," उकिडवे म्हणाले.

"पान चौदावर मी रडलो. हे मला सुचायला हवं होतं, नाही सुचलं. तिला सुचलं, ते बरं झालं."

टीव्ही ठसकला नाही. मग शटर हललं आणि हळूहळू सरकलं. गांगुर्ड्यांनी नियमाप्रमाणे ते वाक्य आणखी दोनदा वाचलं. ठसका आला नाही.

"पास," ते म्हणाले. "एवढ्यावर सव्वीस भाग लिहून द्या. आता वर्ग कोणता टाकू?"

"सामाजिक," उकिडवे पुटपुटले.

गांगुर्ड्यांनी मोठी वही काढली आणि बोट फिरवत चार पानं पाहिली. "एका लेखकाला सुचलेलं पाहून दुसऱ्या लेखकाला बरं वाटलं, अशी समाजात नोंद नाही. सामाजिकमध्ये बसणार नाही." त्यांनी विचार केला आणि 'विज्ञानकथा'वर शिक्का मारला. ते कुणालाही खटकलं नाही.

उकिडव्यांची बदली टळली. शनिवारची वेळ तृप्तीला गेली, त्यांना रविवार मिळाला. त्यांनी शिक्का वाळेपर्यंतसुद्धा दम धरला नाही.

"माझं किती उघडलं हो?"

"आठ बोटं."

"आणि हिचं?"

"मॅडमचं पूर्ण, सर. तुम्ही होतातच की."

उकिडवे स्वतःची आठ बोटं मोजायला लागले. इतक्यात तृप्ती जवळ आली.

"सर, पान चौदावर तुम्ही खरंच रडलात?"

"छे गं," उकिडवे म्हणाले. "डोळ्यात काहीतरी गेलं होतं."

मागे टीव्ही ठसकला.