गव्याची पेंड आणि बिबट्याचे वजन

विषय : कारळ्याच्या घाण्यावरील खर्चाची 'आटोक्यातला' व 'आटोक्याबाहेरचा' अशी विभागणी करण्याबाबत.

मुलांनो, वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की एका जंगलात तेलाचा एक घाणा होता. घाण्याचा मालक वाघ होता. वाघ तेल खात नाही, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण मालक होण्यासाठी त्या धंद्याशी काही संबंध असावा लागतो, असे तुम्हांला कोणी सांगितले?

घाणा ओढायला गवा होता. गवा हा जंगलातला सर्वांत दांडगा प्राणी. वाघसुद्धा एकटा असला तर त्याच्या वाटेला जात नाही. पण ही गोष्ट गव्याला कोणी सांगितली नव्हती आणि त्याला विचारण्याची सवय नव्हती. डोळ्यांना झापड बांधून तो दिवसभर गोल फिरे. संध्याकाळी त्याला टोपलीभर पेंड मिळे. चार घास तो तिथेच खाई. बाकीची शिंगाला टोपली अडकवून घरी नेई, कारण घरी गवी पोटुशी होती.

आता घाण्याची रीत ऐका. बिया नीट चिरडल्या जाव्यात म्हणून घाण्याच्या फळीवर एक जड दगड ठेवतात. गवा फिरला की फळी फिरते आणि दगडाच्या दाबाने तेल निघते. या घाण्यावरही असा एक दगड होता. त्याच्याविषयी कधी कोणाची तक्रार नव्हती.

पुढे वाघिणीचा भाऊ बिबट्या नोकरीसाठी आला. त्याला काम कुठलेच येत नव्हते, पण वजन होते. मग दगड खाली उतरवला आणि फळीवर बिबट्याला बसवले. त्याच्या पदाचे नाव 'दाब अधिकारी' ठेवले. दगडाला जेवण लागत नसे. बिबट्याला दोन वेळचे लागे, मधल्या वेळचे वेगळे. बसून बसून तो असा फुगला की घाणा जड झाला, गवा धापा टाकू लागला, तेल कमी निघू लागले आणि खर्च वाढला.

याच सुमारास एक तरस शहरातून व्यवस्थापन शिकून परत आला होता. तरसाचा चेहरा सदा हसरा. त्यामुळे तो वाईट बातमी आणतोय की चांगली, हे कळायला उशीर होई. वाघाने त्याला बोलावले.

"मालक," तरस म्हणाला, "जगातले सगळे खर्च दोन जातींचे. काही आटोक्यातले, काही आटोक्याबाहेरचे. आटोक्याबाहेरच्यांकडे शहाणा मालक बघतच नाही. उगाच रक्त आटतं."

"मग कोणाकडे बघतो?"

"आटोक्यातल्याकडे. आणि चांगलं बघतो."

वाघाला हे शास्त्र फार आवडले. विभागणी लगेच सुरू झाली. घाण्याचे हेडक्लार्क साळिंदरअण्णा होते. त्यांनी अंगावरचाच एक काटा उपसला आणि लिहायला बसले.

"यंदा पाऊस कमी," अण्णा म्हणाले. "म्हणून कारळे महागले. पाऊस आटोक्याबाहेर लिहू ना?"

"छे, छे!" तरस म्हणाला. "पाऊस बोलावायला बेडूक नेमलेत ना आपण? मग तो आटोक्यात. बेडकांचा ओरडभत्ता बंद करा."

अण्णांनी लिहिले.

"बिबटेसाहेबांचं जेवण?"

वाघाने हळूच गुहेकडे पाहिले. गुहेच्या दारात वाघीण उभी होती आणि तिची शेपटी जमिनीवर आपटत होती.

"काही गोष्टी निसर्गाच्या हातात असतात," वाघ म्हणाला.

"आटोक्याबाहेर," तरस म्हणाला.

"त्यापेक्षा दगड जर परत..." अण्णांनी तोंड उघडले.

"अण्णा, निवृत्तीला किती राहिलंय तुमच्या?" तरसाने विचारले.

"थोडंच."

"मग दगडाचं काय म्हणत होता?"

"काही नाही. दगड बरा असतो, एवढंच."

शेवटी गव्याच्या पेंडीचा विषय निघाला. तरस उठून घाण्यापाशी गेला. "थांब," म्हणाला. गवा थांबला. "चल," म्हणाला. गवा चालू लागला.

"पाहिलंत?" तरसाने मागे वळून विचारले. "याला म्हणतात पूर्ण आटोक्यातला खर्च! असे दहा मिळाले तर धंदा कुठल्या कुठे जाईल."

त्या संध्याकाळपासून पेंड निम्मी झाली. गव्याने ती सगळीच घरी नेली. तरी गवीने टोपलीत डोकावून विचारले, "एवढीशीच?"

"घाण्याचा खर्च वाढलाय."

"कोणी वाढवला? तुम्ही?"

"मी कुठला! मी आटोक्यात आहे."

"मग व्हा की आटोक्याबाहेर! शिंगं काय देवानं टोपली अडकवायला दिलीत?"

गव्याला हे पटले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामावर जाण्याआधी अण्णांपुढे उभा राहिला.

"अण्णा, मला त्या दुसऱ्या रकान्यात घाला. आटोक्याबाहेरच्या."

"घालतो. पण दाखला लागेल. पूर्वी एकदा तरी आटोक्याबाहेर गेला होतास, असा."

"कधी गेलो नाही."

"आठव. कोणाला शिंग मारलंस? निदान धक्का?"

गव्याने पुष्कळ आठवले. "एकदा एका सशावर पाय पडता पडता राहिला."

"राहिला ना?"

"राहिला. शिवाय मी त्याची माफी मागितली."

"अरेरे," अण्णा म्हणाले. "सगळी सेवा स्वच्छ आहे रे तुझी. कठीण आहे."

गव्याला टोपली आठवली, गवीचे पोट आठवले. "मग आत्ताच जातो आटोक्याबाहेर," तो म्हणाला. त्याने मान खाली घातली, खुराने माती उकरली आणि असा फुत्कार टाकला की अण्णांचे सगळे काटे उभे राहिले. तरसाच्या तोंडावरचे हसू कोणी कधी मावळलेले पाहिले नव्हते, ते मावळले. वाघ उठला आणि काहीतरी विसरल्यासारखा गुहेत शिरला. घाणा, फळी आणि फळीवर घोरणारा दाब अधिकारी एका धडकेच्या अंतरावर होते.

तेवढ्यात गव्याने मान वर केली.

"अण्णा, चालेल ना? की आधी परवानगी लागते?"

अण्णांनी डोळे मिटून घेतले.

"लागते तर!" तरस धापा टाकत पुढे आला. हसू परत आले होते. "बिनपरवानगी बिथरलास तर आम्हांला ते हिशेबात धरता येणार नाही. रीतसर अर्ज कर, बाबा. वरिष्ठांच्या मार्फत."

गव्याने 'एक वेळ बिथरण्याची परवानगी मिळण्याबाबत' असा अर्ज अण्णांकडून लिहून घेतला. त्याचे वरिष्ठ म्हणजे दाब अधिकारी. ते झोपले होते, म्हणून अर्ज फळीवर त्यांच्या बाजूला ठेवला. झोपेत त्यांनी कूस बदलली आणि अर्ज त्यांच्या खाली गेला. गव्याने झापड बांधून घेतली आणि तो कामाला लागला. तेव्हापासून घाण्यावर गवा बिबट्यालाही ओढतो आणि अर्जालाही.

गवीला वासरू झाले. वासरू हडकुळे आहे. पेंड निम्मीच आहे. दाब अधिकाऱ्यांचे वजन वाढते आहे. गव्याचा अर्ज अद्याप प्रलंबित आहे.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी शहाण्यासारखे, सांगितलेले ऐकून वागावे. काटकसर करायची वेळ आली की मोठ्यांना आटोक्यातले कोणीतरी लागतेच.