पालथा कप

बुधवारी साडेसातच्या भागात इन्स्पेक्टर रणदिव्यांना एक साक्षीदार कमी पडला, म्हणून त्यांनी टीव्हीतूनच डॉ. वामनराव करप्यांना हाक मारली. नियमाप्रमाणे मालिका बघणाऱ्याला घटनास्थळी हजर धरतात, आणि वामनरावांनी दोनशे बारा भागांतला एकही चुकवला नव्हता.

वामनरावांनी घाईघाईने चष्मा पुसला. चाळीस वर्षं सांख्यिकी शिकवली, तरी कुणी काही विचारलं की आपलं चुकणार, असंच त्यांना आधी वाटे.

"शेठजींना चहातून विष दिलंय," इन्स्पेक्टर म्हणाले. "कप घासून फळीवर ठेवलेला सापडला. घरात बाईसाहेब आणि कामवाली, दोघीच. घासला म्हणजे कामवालीनेच. शेवंताबाईला नेतोय. भाग संपायला आठ मिनिटं आहेत. काही हरकत?"

मागे शेवंताबाई पदराला हात पुसत उभी होती. आजवर या मालिकेत बहुतेक खून नोकरमाणसांच्याच नावावर लागले होते.

"आहे," वामनराव म्हणाले आणि स्वतःच दचकले. "म्हणजे, माझी चूकही असेल. पण कप उताणा ठेवलाय. भांडी घासणारी बाई तो पालथा घालते, पाणी निथळायला. हा हात सवयीचा नाही."

"बघा की साहेब!" शेवंताबाई म्हणाली. "मघापासून मी काय बोंबलतेय?"

"तू थांब गं. प्रोफेसर, ऐकीव चालत नाही. स्वतः पाहिलंय?"

वामनरावांनी शेजारी बघितलं. सून रेवती शेंगा सोलत होती. आजेसासूबाई शिक्षिका होत्या, असं तिला लग्नाच्या बैठकीत सांगितलेलं होतं. हॉलमधल्या त्यांच्या फोटोखाली तशी पाटीही होती.

आठातली पाच मिनिटं उरली. शेवंताबाईला बेड्या घालायला हवालदार पुढे झाला.

"पाहिलंय," वामनराव म्हणाले. "माझी आई भागूबाई पाच घरची भांडी घासायची. मी शेजारी बसून विसळायचो. कप उताणा राहिला की पाठीत धपाटा."

रेवतीच्या हातातली शेंग तशीच राहिली. "बाबा, पण त्या शिकवायच्या ना?"

"शिकवायची की. मला. मोरीत बसून."

"व्यवसाय?" इन्स्पेक्टरांनी पेन उघडलं.

"निवृत्त प्राध्यापक." मग वामनराव खुर्चीत ताठ झाले. "त्याआधी भांडी विसळणं. तेही लिहा."

"दोन्हींतलं वर काय लिहू?"

"भांडी."

इन्स्पेक्टरांनी जबाबाचा कागद आतून काचेला टेकवला आणि वामनरावांनी बाहेरून, एकदाही न खोडता, सही केली. शेठजींच्या बाईसाहेबांना जीपमध्ये बसवलं. शेवंताबाईने जाता जाता फळीवरचा कप पालथा घातला.

"दादा," ती म्हणाली, "आईने वळण चांगलं लावलं हो तुम्हाला."

सकाळी रेवतीने साफसफाई काढली. आधी फोटोखालची पाटी उतरवली. मग टीव्हीची काच पुसली, सहीपुरती जागा सोडून.