वर कोणी शे का?

आमच्या शेजारच्या दगडूला काहीही सांगा, तो आधी ते तुम्हालाच परत सांगतो. "दगडू, मिरच्या आत घे." "मिरच्या आत घे. घेतो." मगच उठतो. त्याच्या लग्नात भटजी म्हणाले, "जरा उजवीकडे सरका." "जरा उजवीकडे सरका. सरकतो." भटजी पुढचा मंत्रच विसरले.

आमच्या दोंडाईच्याला हसायला आणखी काय लागतं! नाव दगडू आणि नोकरी बुडायची. भर समुद्रात तेलविहिरींवर लोखंडी फलाट असतात, त्यांचे पाण्यातले पाय हा तपासायचा. मी तेव्हा नवी सून, पण तोरा सासूचा. गल्लीभर सांगून आले, दगडू बुडी मारून डबे भरभरून तेल काढतो. तेवढ्यावर थांबले असते तर मी कसली! त्याच्या आईकडे स्टोव्हसाठी बाटली घेऊन गेले.

नेमका तो सुट्टीवर आलेला. हसला नाही. ओट्यावर बसवून, 'आहे'ला 'शे' म्हणणाऱ्या आमच्या खानदेशी वळणात म्हणाला, "वहिनी, खाली काळोख शे. दिवा लावला तरी हातभर दिसतं. पायांवरचे शिंपले खरवडायचे, मग सांध्याला केसाएवढी चीर शे का, ते बघायचं."

वर माणसं जेवतात, झोपतात, आणि त्यांच्या पायाखालच्या त्या अंधारात आमचा दगडू लोखंड चाचपतो! बाटली मी हळूच पदराआड घेतली.

"आणि हे पोपटासारखं बोलणं?"

"कानात फोन असतो. पाण्याच्या वर बसलेला माणूस सांगतो, आपण तेच परत म्हणायचं. म्हणजे त्याला कळतं, ऐकलं, अन् माणूस जिवंत शे."

आता तो निवृत्त झालाय. गेल्या वर्षी त्याची बायको, सुमन, गेली. त्यानंतर एका संध्याकाळी भिंतीपलीकडून ऐकू आलं, "दिवा लाव. लावतो." सांगणाराही तोच, ऐकणाराही तोच.

दुसऱ्या दिवसापासून मी सुरू केलं. दिवेलागणीला भिंतीवरून ओरडायचं, "दगडू, दिवा लाव रे!" "दिवा लाव. लावतो." नातवंडं म्हणतात, आजीला दुसऱ्यांच्या घरात फार नाक खुपसायला लागतं. लागतंच!

परवा मला ताप. पडून राहिले, हाक द्यायची राहिली. अंधारून आलं. पलीकडचं घर तसंच काळं. मग भिंतीला चिकटून कोणीतरी बोलल्यासारखा आवाज आला, थोडा घाबरलेला.

"वहिनी? वर कोणी शे का?"

मी उशीवरूनच, असेल नसेल तेवढा आवाज काढला.

"वर कोणी शे का. शे रे बाबा, शे."

पलीकडे बटण वाजलं.