शिस्तनगरची निवडणूक

रविवारी सकाळी नऊ वाजता विद्याधर सुखटणकरांनी चष्मा काढून डायनिंग टेबलावर ठेवला आणि आपण उपप्रमुखपदाची निवडणूक लढवत असल्याचं घरात जाहीर केलं.

"सोसायटीची?" मृणालिनीबाईंनी मेथी निवडता निवडता विचारलं.

"महासंघाची."

"म्हणजे त्या कॉम्प्युटरमधल्या?"

"कॉम्प्युटरमधल्या म्हणजे काय? तेवीस देश आहेत त्यात!"

मृणालिनीबाईंनी तेवीस देशांकडे लक्ष दिलं नाही. मेथीत एक अळी सापडली होती, तिच्याकडे दिलं.

हे सगळं त्यांच्या मुलीमुळे झालं होतं. रिटायर झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात विद्याधररावांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांना अनुक्रमांक दिले. हिंगाला चौदा नंबर मिळाला. तेव्हा गंधालीने घाईघाईने त्यांचं नाव 'जलद्वीप महासंघ' नावाच्या इंटरनेटवरच्या खेळात घातलं. तिथे प्रत्येक सभासदाने एक काल्पनिक देश स्थापन करायचा, त्याचे कायदे करायचे, आणि सगळ्या देशांनी मिळून महासंघाचा प्रमुख नि उपप्रमुख निवडायचा. विद्याधररावांनी 'शिस्तनगर' स्थापन केलं. ब्रीदवाक्य, 'वेळेवर या'. राष्ट्रीय प्राणी, मुंगी. पाच महिन्यांत दोनशे बारा कायदे झाले, आणि घरातल्या हिंगाला पुन्हा हिंग म्हणता येऊ लागलं.

पण उपप्रमुखपदाचं प्रकरण खेळण्यातलं नव्हतं. ज्या महामंडळात विद्याधररावांनी चौतीस वर्षं काढली, तिथल्या भांडार विभागाचे ते शेवटची अकरा वर्षं 'प्रभारी उपप्रमुख' होते. काम पूर्ण उपप्रमुखाचं, खुर्ची पूर्ण, साहेबाच्या शिव्या तर पूर्णाहून जास्त. फक्त तो एक शब्द पुढे चिकटलेला. ऑर्डरमध्ये 'पुढील आदेशापर्यंत' असं लिहिलं होतं, आणि पुढचा आदेश आला तो रिटायरमेंटचाच. निरोपाच्या दिवशी त्यांनी टेबलावरची आपली सागवानी पाटी पिशवीत घालून घरी आणली. मुलुंडच्या त्या घरात बेडरूमची खिडकी वाऱ्याने आपटायची, तिला मृणालिनीबाईंनी ती पाटी पाचर म्हणून लावली. दीड वर्षं 'प्रभारी उपप्रमुख' इमाने इतबारे खिडकी धरून होते.

त्या रविवारी विद्याधररावांनी पाटी खिडकीतून उपसली आणि तळमजल्यावर सहदेवकडे नेली. सहदेव तीस वर्षांपासूनचा शेजारी. आधी गिरणीत होता, गिरणी गेल्यावर पाट्या रंगवून त्याने दोन मुली मार्गी लावल्या. आता हात थोडा कापायचा, पण अक्षर अजून झकास.

"हा एवढा एकच शब्द काढायचा. घासून."

सहदेवने पाटी उजेडाकडे धरली. "निवडून इलंस काय?"

"येणार आहे."

"मग इल्यावर घासूया मा."

"सहदेव, अकरा वर्षं थांबलोय. आता एक दिवस थांबणार नाही."

सहदेवने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि पाटी ठेवून घेतली. दोन दिवसांनी परत दिली तेव्हा नावाखाली नुसतं 'उपप्रमुख' होतं. शब्दाच्या जागी गुळगुळीत तपकिरी रंग. विद्याधरराव पाटी छातीशी धरून वर आले, आणि त्या दिवसापासून बेडरूमची खिडकी पुन्हा आपटायला लागली.

समोर उमेदवार एकच होता, 'निवांतपूर'. तो देश चालवणारी ऋतिका ही बोरिवलीची सीए करणारी मुलगी. निवांतपूरचं ब्रीदवाक्य 'बघू नंतर'. विद्याधररावांचा जाहीरनामा अकरा पानांचा होता, परिशिष्ट वेगळं. ऋतिकाचा दोन शब्दांचा होता: 'कमी नोटिसा'. विद्याधररावांनी वहीत हिशेब मांडला. तेवीसपैकी दहा मतं आपली, तेरा तिची.

"हरतोय मी," ते गंधालीला म्हणाले.

"मग बाबा, जाहीरनामा छोटा करा ना."

"जाहीरनामा नाही, मतदार वाढवायचे." मतदानाच्या सात दिवस आधी ज्याचा देश असेल त्याला मत, हा नियम त्यांनी शोधून काढला होता. सुखटणकरांना नियम सापडला की ते थांबत नसत.

शनिवारी सकाळी पारिजात सोसायटीच्या हॉलमध्ये कांदेपोहे ठेवले गेले. पोह्यांच्या वासाने बारा माणसं जमली. त्यात सहदेव होता, तिसऱ्या मजल्यावरच्या विमलाताई होत्या, सोसायटीचा सेक्रेटरी सुबोध होता आणि पोहे करणाऱ्या मृणालिनीबाईही होत्या. सोसायटीच्या ऑफिसातल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर प्रत्येकाने आपापला देश काढायचा, असं ठरलं. पहिल्या बसल्या विमलाताई. त्यांना कीबोर्डवर 'व' सापडायला चार मिनिटं लागली.

"ताई, उठा. मी करतो," विद्याधरराव म्हणाले आणि खुर्चीत बसले.

इथेच घोटाळा झाला. भांडार विभागात फॉर्म भरायची एक पद्धत होती. पहिला फॉर्म नीट भरायचा, बाकीच्यांवर 'वरीलप्रमाणे'. विद्याधररावांनी तेच केलं. देशांची नावं फ्लॅट नंबरावरून: 'शिस्तनगर ए-१०२', 'शिस्तनगर बी-३०४'. ब्रीदवाक्य वरीलप्रमाणे. कायदे वरीलप्रमाणे. चाळीस मिनिटांत, पोहे संपायच्या आत, बारा देश स्वतंत्र झाले.

सोमवारी निवडणूक अधिकाऱ्याची नोटीस आली. 'बोगस देश स्थापन केल्याचा संशय. व्हिडिओवर सुनावणीस हजर राहावे.' निवडणूक अधिकारी होता मिहिर, घाटकोपरचा दातांचा डॉक्टर. दोन पेशंटांच्या मधल्या वेळात तो महासंघाचा न्याय करायचा. सुनावणी सुरू झाली तेव्हा त्याच्या मागे एक माणूस आ वासून खुर्चीत पडला होता.

"काका, बारा देश, चाळीस मिनिटं, एक कॉम्प्युटर. आणि बाराच्या बारा देशांचा राष्ट्रीय प्राणी मुंगी?"

"मुंगी शिस्तप्रिय असते."

"पासवर्डसुद्धा एकच असेल ना?"

विद्याधररावांनी मान डोलावली. ते खोटं बोलत नसत.

"काका, याला आमच्याकडे कठपुतळ्या म्हणतात. एकाच माणसाने दहा नावांनी मतं द्यायची. डायरेक्ट हद्दपारी आहे."

"अहो, जिवंत माणसं आहेत ती! माझ्या सोसायटीत राहतात! मेंटेनन्स भरतात!"

"माणसं बारा असतील. डोकं एकच दिसतंय." मागचा पेशंट काहीतरी पुटपुटला. "हो हो, आलोच. हे बघा काका, मतदान रविवारी आहे. या बारा जणांना मत देऊ दे, पण ती मतं मी बाजूला ठेवणार. तोपर्यंत त्यांनी आपापले देश स्वतः चालवायचे. मला पटलं की ही खरंच वेगवेगळी डोकी आहेत, तर मतं मोजीन. नाही पटलं तर बारा मतं रद्द, तुमची उमेदवारी रद्द आणि शिस्तनगर बाहेर."

विद्याधररावांनी लॅपटॉप मिटला. पाटी समोर होती. लोकांना वाटेल सुखटणकरने मतं चोरली, हा विचार त्यांना सहन होईना. चौतीस वर्षांत भांडारातली एक टाचणी त्यांनी घरी आणली नव्हती. ते उठले, नवी वही काढली, वर 'स्वतंत्र विचार: प्रगती' असं लिहून त्याखाली रेघ मारली आणि जिना चढायला लागले.

"विमलाताई, आजपासून तुमचा देश तुम्ही चालवायचा. स्वतःचं मत बनवायचं."

"बरं. काय मत बनवू, भाऊ?"

"ते मी नाही सांगायचं!"

"अहो, पण साधारण?"

"साधारणसुद्धा नाही!"

रोज सकाळ-संध्याकाळ विद्याधरराव बारा दारं फिरले. गुडघा दुखत होता, तरी फिरले. पासवर्ड बदलायला लावले, चष्मे शोधून दिले, आणि प्रत्येकाला हात जोडून सांगितलं, "माझ्यासारखं काहीही करू नका."

बुधवारपर्यंत फळ दिसू लागलं. विमलाताईंनी देशाचं नाव 'विश्रांतिगड' केलं आणि दुपारी एक ते चार दारावरची बेल वाजवणं हा गुन्हा ठरवला. सुबोधच्या देशात वार्षिक सर्वसाधारण सभेवर कायमची बंदी आली. सहदेवने मुंगी काढून बांगडा आणला, ब्रीदवाक्य 'आधी जेवण'. मृणालिनीबाईंच्या देशात एकच कायदा होता: विचारल्याशिवाय कोणी कोणाला सल्ला देऊ नये. विद्याधररावांनी तो दोनदा वाचला आणि वहीत लिहिलं, 'उत्तम. पूर्णपणे स्वतःचा विचार.'

शुक्रवारी लिफ्टमध्ये विमलाताईंनी त्यांना अडवलं. हातात जाहीरनामा होता, त्यावर पेन्सिलीच्या खुणा.

"भाऊ, पान सात, कलम चार. सगळ्या देशांनी रोज हजेरी लावायची?"

"हो. दुपारी दोन वाजता."

"दोनला आमचा देश झोपलेला असतो."

"यार सुखटणकर," मागून सुबोध म्हणाला, "आणि पान नऊवर दर महिन्याला सभा? आमची घटनाच मोडते त्याने!"

विद्याधररावांना भरून आलं. सहा दिवसांपूर्वी या बाईंना 'व' सापडत नव्हता. त्यांनी लिफ्टमध्येच वही उघडली आणि दोघांच्या नावापुढे बरोबरची खूण केली.

रविवारी अकरा वाजता मतदान सुरू झालं. महासंघात मत उघड द्यायची रीत होती. प्रत्येकाने सगळ्यांना दिसेल असं आपल्या देशाचं नाव आणि उमेदवाराचं नाव लिहायचं. विद्याधररावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पाटी कॉम्प्युटरशेजारी. गंधाली मतं वाचत होती.

"विश्रांतिगडचं मत... निवांतपूरला."

"वाच नीट."

"नीटच वाचलंय, बाबा. सुबोधकाकांचं, निवांतपूर. बी-३०४चं मत शिस्तनगरला. सहदेवकाका..." ती थांबली.

"वाच."

"निवांतपूर."

"आईचं?"

स्वयंपाकघरातून उत्तर आलं. "निवांतपूर. घरात एक शिस्तनगर पुरे आहे."

पाच वाजता मिहिरने निकाल लावला. शेजाऱ्यांच्या बारा मतांतली सात निवांतपूरला, पाच शिस्तनगरला. त्याखाली त्याने निर्णय लिहिला होता: 'बाराही देश खरे असल्याचं सिद्ध झालं आहे. कोणताही माणूस स्वतःच्या कठपुतळ्यांकडून स्वतःला पाडून घेत नाही. श्री. शिस्तनगर पूर्णपणे निर्दोष. निवांतपूर वीस, शिस्तनगर पंधरा. निवांतपूर विजयी.'

"बाबा, निर्दोष सुटलात," गंधाली म्हणाली.

"हो," विद्याधरराव म्हणाले. त्यांना चांगलंच वाईट वाटलं होतं. त्यांनी पाटी कपाटात ठेवली आणि दोन दिवस एकही कायदा केला नाही. मृणालिनीबाईंनी तिसऱ्या दिवशी मुद्दाम हिंगाचा डबा चुकीच्या जागी ठेवून बघितला. विद्याधररावांनी तोही हलवला नाही, तेव्हा मात्र बाई घाबरल्या.

गुरुवारी दुपारी ऋतिकाचा फोन आला.

"काका, माझी फायनल आलीये मे महिन्यात. अभ्यासाची पार वाट लागलीये, म्हणून मी रजा टाकली. तुमचा अकरा पानांचा जाहीरनामा मी अख्खा वाचलाय, परिशिष्टासकट. मी प्रमुखांना सांगितलं, काम करणारा माणूस एकच आहे. प्लीज नाही म्हणू नका ना!"

तासाभरात महासंघाचा आदेश आला. गंधालीने तो मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मध्येच तिचा आवाज बारीक झाला.

"'निवांतपूर रजेवर असल्याने श्री. शिस्तनगर यांची, पुढील आदेशापर्यंत, प्रभारी उपप्रमुख म्हणून...'"

बेडरूमची खिडकी तेवढी आपटली.

विद्याधरराव उठले. नाही म्हणायचं, असं त्यांच्या मनात क्षणभर येऊन गेलं. पण काम पडलेलं असताना नाही म्हणायची पद्धत त्यांना कोणी शिकवलीच नव्हती. त्यांनी कपाटातून पाटी काढली आणि जिना उतरून सहदेवचं दार वाजवलं.

"पुन्हा लिही तो शब्द," ते म्हणाले. "जुन्या अक्षरात जमेल ना?"

सहदेवने पाटी घेतली, मोरीत जाऊन फडकं ओलं केलं आणि 'उपप्रमुख'च्या आधी दोनदा फिरवलं. तपकिरी रंग फडक्यावर उतरला. खालून 'प्रभारी' जसाच्या तसा वर आला.

"घासूक नाय मी," सहदेव म्हणाला. "पाण्याचो रंग मारललंय वरसून. माका वाटलाच होता."

विद्याधररावांनी रागवायचा प्रयत्न केला. जमलं नाही. शेवटी दोघंही हसले, आणि सहदेवच्या देशाच्या ब्रीदवाक्याप्रमाणे आधी जेवूनच विद्याधरराव वर आले.

पाटी कॉम्प्युटरशेजारी बसली. प्रभारी उपप्रमुखांनी पहिली नोटीस लिहायला घेतली. 'सर्व देशांनी रोज हजेरी' इथपर्यंत टाइप झालं, तेवढ्यात विमलाताई आठवल्या. त्यांनी 'रोज' खोडलं, 'दुपारी चारनंतर, जमल्यास' असं केलं.

"अहो," बेडरूममधून मृणालिनीबाई ओरडल्या, "तुमची पाटी परत गेली तिकडे. आता या खिडकीला लावू काय?"

विद्याधररावांनी खणातून अकरा पानांचा जाहीरनामा काढला. त्याची चार पदरी घडी घातली आणि स्वतः जाऊन खिडकीच्या फटीत दाबली. खिडकी हलवून बघितली. घट्ट बसली होती. परिशिष्ट लावायची गरजसुद्धा पडली नाही.