मावशीच्या कॉम्प्युटरचा अबोला

"जुन्या कॉम्प्युटरच्या मनातलं ओळखणारा डिटेक्टिव्ह जगात एकच आहे," असं आमचा दादा दारातूनच जाहीर करतो. हे मतही जगात एकाच माणसाचं आहे. मी त्याची धाकटी बहीण आणि सहायक. म्हणजे बॅटरी धरणं आणि लोकांची माफी मागणं, ही दोन खाती माझ्याकडे.

केस मावशीच्या छपाईच्या दुकानातली. केकच्या खोक्यांचं डिझाइन जुन्या कॉम्प्युटरमध्ये, प्रिंटर नव्याला जोडलेला, आणि सकाळपासून दोघांचा अबोला. बेकरीवाले स्टुलावर बसून होते. संध्याकाळच्या आत छापून मिळालं नाही, तर काम समोरच्या दुकानात. मावशीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक! आणि समोरचा दुकानदार दारात उभा राहून उगाचच हसत होता.

"आधी पुरावा गोळा!" दादा म्हणाला. त्याने जुन्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडून डोकं आत खुपसलं. बॅटरी मी धरली होती, पण उजेड सगळा त्याच्या पाठीवर. धूळ, स्क्रू, एक मेलेलं झुरळ, आणखी काय काय उपटून त्याने पिशवीत भरलं. मग कॉम्प्युटर चालू करून चौकशीला बसला.

"साउंड कार्ड आणि नव्या कॉम्प्युटरशी जोडणारं नेटवर्क कार्ड, जुन्या नोंदीत दोघंही एकाच नंबरवर हक्क सांगतायत. भाऊबंदकी!"

त्याने नंबर बदलला. स्क्रीनवर आलं : नेटवर्क कार्ड आढळले नाही.

"खोटं बोलतोय."

त्याने ड्रायव्हर काढून परत घातला. कार्ड आढळले नाही.

"शिकवून ठेवलेला साक्षीदार आहे," दादा कुजबुजला आणि समोरच्या दुकानाकडे रोखून बघू लागला. "मावशी, हे चोरीचं प्रकरण आहे."

"ते असू दे रे. आधी ती झुरळाची पिशवी बाहेर टाक."

"मावशी, तो पुरावा आहे!"

"माझ्या टेबलावर नको." मावशीने पिशवी कचऱ्याच्या डब्यात उलटी केली. झुरळ पडलं, स्क्रू पडले आणि मागोमाग एक हिरवी पट्टी.

"हे काय?"

दादाने बराच वेळ निरखून पाहिलं.

"नेटवर्क कार्ड."

बेकरीवाल्यांनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे चोरीचा संशय खरा निघाला!" दादा म्हणाला.

"आणि चोर?"

"तपास चालू आहे."

मावशीने कॉम्प्युटर बंद केला, कार्ड फडक्याने पुसलं, खाचेत दाबून बसवलं, स्क्रू आवळला. मुळात ते सैल झालं होतं, बाकी काही नाही. बटण दाबलं. थोड्या वेळाने प्रिंटर खोकला आणि छापायला लागला. समोरचा दुकानदार आत गेला.

"पुढचं कामही तुम्हालाच देतो," बेकरीवाले म्हणाले. "फक्त यांना बोलावू नका."

मावशीने दादाच्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला आणि रिकाम्या पिशवीत टाकला.

"अगं मावशी, माझा आहे तो!"

"पुरावा आहे," मावशी म्हणाली आणि पिशवीला गाठ मारली.