पाठमोरे पंच

शाळांच्या सामन्यांत पंच असभ्य वागतात, ही गंभीर बाब पोलीस ॲक्शननंतर सात-आठ वर्षांनी औरंगाबादेत उघडकीस आली. तोवर ती कुणाच्या ध्यानातच आली नव्हती. हुतूतूचा सामना असला, की ज्या मास्तरांचा तास मोकळा असेल ते धोतर खोचून रेघेवर उभे राहत. ज्या पोराचा दम जाई ते आपणहून हात वर करी आणि बाहेर जाऊन बसे. मास्तर नुसती मान डोलवत. असल्या अडाणी पद्धतीनं कैक वर्षं खेळ चालला होता, आणि कुणाला त्याची लाजही वाटली नव्हती.

ही बाब उघडकीस आली ती रामकिसन मास्तरांमुळं. मास्तर मूळचे बिडकीनचे. औरंगपुऱ्यातल्या एका शाळेत कवायत शिकवत, नोकरी हंगामी. एका सामन्यात त्याच शाळेच्या बद्रीनाथचा दम गेला. त्यानं हात वर केला आणि मास्तरांनी सवयीनं मान डोलवली. बद्रीनाथ हा तात्यासाहेबांचा नातू, आणि तात्यासाहेब हे क्रीडा समितीचे अध्यक्ष. निजामाच्या काळात ते ज्या खुर्चीवर बसत, त्याच खुर्चीवर खादीची गादी घालून ते आता नव्या राज्याची सेवा करत होते. त्यांनी ती मान पाहिली.

"आजोबा, माझा दम गेलाच होता," बद्रीनाथ म्हणाला.

"गेला असेल. पण त्यांनी चारचौघांत मान हलवायची काय गरज होती?"

लगोलग पंचांसाठी सभ्य वर्तनाची संहिता निघाली. मास्तरांना बोलावून तात्यासाहेबांनी समजावलं, "वर्षभर एकही लेखी तक्रार आली नाही, तर तुम्ही कायम. आली, तर बिडकीनची हवा चांगली आहे."

घरी सखूबाईनं सगळं ऐकून घेतलं. "आवं, शिट्टीनं चूल पेटत नाय. कुणालाच नाराज करू नका, म्हंजी झालं."

"आन् खेळ?"

"खेळ पोरं खेळत्यात. तुमी नोकरी करा."

संहितेचा पहिला नियम, पंचानं कोणत्याही संघाचा चहा घेऊ नये. आता आपल्या मुलखात चहा नाकारणं म्हणजे ठरलेली सोयरीक मोडणं. मास्तरांनी चहा नाकारताच ते मग्रूर असल्याची कुजबुज सुरू झाली. ती लेखी होण्याआधीच समितीनं नियम बदलला. आता पंचानं दोन्ही संघांचा चहा सारखा घ्यावा. पुढच्या सामन्यात औरंगपुऱ्याच्या कपाच्या तळाशी घोटभर चहा उरला, आणि त्याचा अर्थ काय, यावर पालकांत बाचाबाची झाली. तेव्हा दोन्ही चहा एका किटलीत ओतून देण्याचं ठरलं. एक गुळाचा होता, दुसरा साखरेचा. मास्तरांचं पोट बिघडलं, पण निःपक्षपातीपणा शाबूत राहिला.

मग नजरेचा प्रश्न आला. दौलताबादच्या शाळेचे सोनाजी गुरुजी समितीपुढं येऊन म्हणाले, "मास्तर आमच्याच पोरांकडं टक लावून बघतेत. लेकराला दीठ लागंल का नाय?" औरंगपुऱ्याचे लोक म्हणाले, आमच्या पोरांकडं बघतच नाहीत, ही कुठली माया? समितीनं दोन्हीकडं सारखं बघण्याचा हुकूम काढला. मास्तर इतके इमानदार, की मान हलवता हलवता चक्कर येऊन खाली बसले.

शेवटी तोडगा निघाला तो पाहुण्यांमुळं. पंच खेळाकडं तोंड करून उभा राहतो, म्हणजे मांडवातल्या पाहुण्यांकडं त्याची पाठ होते. केवढा हा असभ्यपणा! समितीनं मास्तरांसाठी खुर्ची मांडली, ती मांडवाकडं तोंड आणि मैदानाकडं पाठ करून.

"मग मला दिसणार कसं, साहेब?"

"मास्तर, दिसणं हेच तर साऱ्या तंट्याचं मूळ आहे. न बघणाऱ्या माणसानं पक्षपात केला, असं आजवर कधी ऐकलंय?"

वर्ष सरत आलं. अखेरचा सामना दौलताबाद आणि औरंगपुऱ्याचा, औरंगपुऱ्याच्याच मैदानावर. दोन्ही संघ बरोबरीत होते आणि शेवटची चढाई बद्रीनाथची होती. मास्तर मांडवातल्या हारतुऱ्यांकडं बघत बसले होते. मागं हुतूतू-हुतूतू घुमत होतं. रेघेच्या हातभर अलीकडं ते तुटलं. पाठीला डोळे नसतात, पण मास्तरांचे कान जागेवर होते.

"मास्तर, माझा दम गेला. मी बाद," बद्रीनाथ म्हणाला.

"तू गप्प! ते पंच ठरवतील," मांडवातून तात्यासाहेब ओरडले.

"मास्तर, तुम्हाला ऐकू आलंच असेल ना?" बद्रीनाथनं विचारलं.

मास्तरांची मान हलू लागली. तात्यासाहेब त्या मानेकडंच बघत होते. मास्तरांनी ती अर्ध्यावर थांबवली, कोट सारखा केला आणि ते उठले. आधी ते सोनाजी गुरुजींच्या कानाशी लागले, "तुम्ही जिंकलात. पण यजमानांच्या दारात बोभाटा बरा दिसत नाही." मग औरंगपुऱ्याकडं जाऊन कुजबुजले, "तुम्ही जिंकलात. पण पाहुण्या लेकरांसमोर नाचू नका, ती गावाबाहेर पडू द्या." दोन्हीकडची माणसं रीतभात जाणणारी. सगळ्यांनी जागच्या जागी समंजस चेहरे केले. विजेत्यांची ढाल सुरक्षेसाठी समितीच्या कचेरीत ठेवण्यात आली.

संध्याकाळी औरंगपुऱ्याच्या गल्ल्यांतून हलगी वाजली. तिकडं दौलताबादेत किल्ल्याच्या पायथ्याशी बैलगाड्या गुलालानं माखल्या. इकडं बद्रीनाथला लोकांनी खांद्यावर घेतलं. तो जीव तोडून ओरडत होता, "अरे, आपण हरलोय! मी बाद होतो!"

"लई गुणाचं पोरगं," खालून एक जण म्हणाला. "जिंकून बी बघा, कसं नम्र!"

बद्रीनाथनं त्यानंतर खेळ सोडला. मास्तर कायम झाले. सखूबाईनं पेढे वाटले, तेही दोन्ही शाळांत सारखे. न बघता सर्वांना मान्य होईल असा निर्णय दिला, म्हणून समितीनं मास्तरांचा सत्कार केला, आणि दोन्हीकडचे आईबाप टाळ्या वाजवायला आले. त्यांच्यातल्या एकालाही आजतागायत शंका आलेली नाही.

पण नक्की जिंकलं कोण, असं तुम्ही विचाराल. जरूर सांगता येईल. फक्त तुमचं पोर कोणत्या शाळेत होतं, तेवढं आधी सांगा.