ओल्या जागेवर धरणारा डिंक

पाहुणे यायला अर्धा तास उरला असताना अप्पांचं तोंड मिटलं, ते उघडेना. घरात हे सर्वांत आधी माईंच्या लक्षात आलं, कारण स्वयंपाकघरात त्यांना एकाएकी भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

"अहो, बरं वाटत नाही का?" त्यांनी बाहेर येऊन नवऱ्याला विचारलं.

"हं," अप्पा म्हणाले. पुढे काहीच आलं नाही, तशा माई घाबरल्या.

अप्पांनी उभा जन्म लिलाव पुकारण्यात घालवला होता. जुनी कपाटं, बंद पडलेल्या गिरण्यांची यंत्रं, एकदा तर एक अख्खी आगबोट त्यांनी निव्वळ तोंडाच्या जोरावर विकली होती. बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं, हे त्यांचं तत्त्व. निवृत्त झाल्यावर विकायला काही उरलं नाही. बोलणं मात्र जसंच्या तसं उरलं.

त्या बोलण्यामुळेच धाकट्या लेकीचं जमत आलेलं लग्न अडलं होतं. मुलगा तिनंच पसंत केलेला. दोन्ही घरं पहिल्यांदा भेटली तेव्हा मुलाच्या वडिलांनी जी जी वाक्यं सुरू केली, ती ती अप्पांनी पूर्ण केली, आणि तीही वेगळ्याच विषयावर. जाताना ते गृहस्थ लेकाला एवढंच म्हणाले, "या घरात मला एक गोष्ट धड सांगता आली नाही." आता महिनाभराच्या मनधरणीनंतर ते पुन्हा येणार होते. हे शेवटचं, असं बजावून.

"अप्पा, आज मोजकं बोला," असं लेकीनं हात जोडून सांगितलं होतं. अप्पांनीही मनावर घेऊन मोजकं भाषण तयार केलं होतं. त्याचे तीनच भाग होते. पण आरशासमोर तालीम करताना वरची कवळी हलायला लागली आणि प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजायला लागली. 'संबंध', 'सोयरीक', 'संसार' हे शब्द टाळून लग्नावर बोलणार तरी काय?

तेव्हा त्यांना फ्रिजमधली डिंकाची नळी आठवली.

सून एका संशोधन संस्थेत कामाला होती. लाटांच्या माऱ्यातही शिंपला खडकाला कसा धरून राहतो, हे बघून तिच्या सरांनी तसाच एक डिंक बनवायला घेतला होता. टाके न घालता जखम मिटवायची, हा उद्देश. त्यात लोखंडाचे नॅनो कण, म्हणजे डोळ्यांना काय, साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसणार नाहीत इतके बारीक कण घातलेले. संस्थेतला फ्रिज बिघडला म्हणून सुनेनं एक नळी घरी आणून ठेवली होती. "ओल्या जागेवर धरतो आणि शरीराला अपाय नाही," असं ती माईंना सांगत असताना अप्पांच्या कानावर पडलं होतं. तोंडाइतकी ओली जागा माणसाच्या अंगावर दुसरी कुठली? त्यांनी वरच्या कवळीला सढळ हातानं डिंक लावला, ती बसवली आणि दात घट्ट मिटून धरले. जादा झालेला डिंक खाली उतरला, आणि वरची कवळी, खालची कवळी आणि हिरड्या अशी सगळ्यांचीच सोयरीक जुळली.

खाणाखुणांवरून हा उलगडा झाल्यावर सून म्हणाली, "घाबरू नका. हा डिंक दहा मिनिटांच्या वर टिकतच नाही. त्याचंच तर सरांना दुःख आहे."

दहा मिनिटं झाली. आणखी दहा झाली. माई म्हणाल्या, "गरम गरम चहा पाजते, सुटेल." ओठांच्या कोपऱ्यातून स्ट्रॉनं कपभर कडक चहा आत गेला. आधी जबडा निदान किंचित हलत होता. चहानंतर तोही बंद झाला.

"पाहुण्यांना सांगून टाकावं का?" माईंनी विचारलं.

"काय सांगणार? मुलीच्या बापानं स्वतःचं तोंड चिकटवून घेतलंय?" लेक म्हणाली. बापाची तिला काळजी वाटत होतीच; पण चेहऱ्यावर जे दिसत होतं त्याला काळजी म्हणणं कठीण होतं. "अप्पा, तुम्ही फक्त बसून राहा हां."

बेल वाजली. मुलगा आला, त्याची आई आली आणि मागून त्याचे वडील, येताना विरोधाची पूर्ण तयारी करून. ते विमा कंपनीतले निवृत्त तपासनीस होते. कुठे आग लागली, चोरी झाली, की ती खरी की बनावट हे बघायला त्यांना पाठवत. त्यांनी खुर्चीत बसताच एक वाक्य टाकून पाहिलं.

"तुमच्या जिन्याचा कठडा पाहून मला एक गोदाम आठवलं."

"हं," अप्पा म्हणाले.

तपासनीस थांबले. कोणी काही बोलेना. त्यांनी दुसरं वाक्य टाकलं. तेही पुरं झालं. तिसऱ्या वाक्यापासून त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

आत सुनेनं घाबरत घाबरत सरांना फोन लावला. झाला प्रकार सांगितला.

"अजून धरून आहे?" सरांचा आवाज थरथरत होता.

"हो सर. चहा दिल्यावर तर जास्तच."

"चहा! अहो, चहातलं टॅनिन! ते लोखंडाच्या कणांना गाठ मारतं. आम्ही तीन वर्षं साध्या पाण्यात तपासत बसलो होतो! काही करू नका, मी निघालो. आणि त्यांना अजून एक कप द्या."

डिंकाची पकड मोजायचा स्प्रिंगचा काटा खिशात घालून सर सायकलवरून धापा टाकत हजर झाले. "हे वहिनीचे सर," लेकीनं ओळख करून दिली. सर अप्पांच्या शेजारी बसले आणि त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत राहिले. तपासनिसांना वाटलं, आपली गोष्ट ऐकायला गावातली विद्वान मंडळीही यायला लागली. त्यांचा आवाज आणखी चढला.

थोड्या वेळानं सुनेनं सरांना खुणेनं आत बोलावलं. "सर, सोडवायचं कसं?"

"लिंबाच्या पाण्यानं सुटेल. आम्लात ती गाठ टिकत नाही. पण मी म्हणतो, आजची रात्र राहू द्या ना."

"सर, ते माझे सासरे आहेत."

"हो ना. आणि नमुना म्हणून किती उत्तम आहेत!"

बाहेर तपासनिसांनी अप्पांच्या गुडघ्यावर हात ठेवला होता. "खरं सांगू? गेल्या खेपेला माझा गैरसमज झाला. घरीसुद्धा माझं कोणी पुरतं ऐकत नाही." त्यांची बायको आणि मुलगा छताकडे बघू लागले. "मुलीचे वडील असे असताना मला आणखी काही विचारायचं नाही. माझ्याकडून होकार."

लेकीनं डोळे टिपले आणि लगेच अप्पांच्या तोंडाकडे पाहिलं. अजून मिटलेलं होतं.

"तर मी काय सांगत होतो," तपासनीस पुढे सरसावले. "गाद्यांचा अख्खा कारखाना जळून खाक. राखेत एकटं लोखंडी कपाट उभं. मालक म्हणतो, ते उघडू नका. मी किल्ली मागवली. दार उघडलं, तर आत—"

"लिंबाचं सरबत घ्या!" माई तबक घेऊन आल्या.

अप्पांनी बायकोकडे असं पाहिलं की तबक हललं. तरी माईंनी त्यांच्या हातात पेला दिला, स्ट्रॉ ओठांच्या कोपऱ्यात सरकवला आणि पेला रिकामा होईपर्यंत तिथून हलल्या नाहीत. सर घड्याळ बघत होते. तपासनीसही आपलं सरबत सावकाश पीत होते.

'टक्' असा आवाज झाला.

अप्पांनी जबडा डावीकडे फिरवला, उजवीकडे फिरवला आणि तोंड पूर्ण उघडलं. लेकीनं डोळे घट्ट मिटले. तीन भागांचं भाषण तिला पाठ होतं.

"आत काय होतं?" अप्पांनी विचारलं.

माईंना वाटलं, डिंक मेंदूत गेला. तसं काही नव्हतं. अप्पा आजवर दुसऱ्याची गोष्ट पहिल्या वळणावरच ताब्यात घेत आले होते. तिच्या शेवटाला काहीतरी असतं, हे त्यांना या वयात कळलं होतं.

"सांगतो," तपासनीस पेला खाली ठेवत म्हणाले. "पण त्याआधी मालकाच्या मेव्हण्याची भानगड समजून घ्यायला हवी."

मुलाच्या आईनं पर्समधून विणकाम काढलं. अप्पांनी खुर्ची पुढे ओढली.

"माफ करा," सर अप्पांच्या कानाशी वाकून म्हणाले, "वरची कवळी मिळेल का? वाळायच्या आत तपासायला हवी."

अप्पांनी तपासनिसांवरची नजर न हलवता कवळी काढली, सरांच्या तळहातावर ठेवली, आणि ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं.